बायपासनंतर अण्णांना उजव्या कानाने ऐकू येईनासं झालंय, हार्टच्या ऑपरेशनचा कानाशी संबंध असू शकतो का?

वाईचा_घाट

मंडळी गडबडीत टाइप करतोय, सांभाळून घ्या. आमचे अण्णा, वय 67, शुगर आहे पण गोळ्यांवर, इन्सुलिन नाही. बायपास होऊन सोळा-सतरा दिवस झाले, तीन ग्राफ्ट (रक्त न्यायच्या नवीन वाटा) टाकलेत. ऑपरेशन चांगलं झालं, मधे छातीत कफ झाला म्हणून आयसीयूतला मुक्काम वाढला तेवढंच, आता घरी आहेत, अंगणात फेऱ्या मारतायत, जेवण बेताचं पण ठीक.

आता मुद्दा. काल पुण्याहून आत्याचा फोन आला, अण्णांनी नेहमीसारखा उजव्या कानाला लावला आणि नुसतं हॅलो हॅलो करत बसले, मग "रेंज नाही" म्हणून कट केला. परत फोन, परत तेच. मी घेऊन बघतो तर आत्या खणखणीत बोलतेय. डाव्या कानाला लावून दिला तर दोघांच्या वीस मिनिटं गप्पा. नंतर खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की आयसीयूत शुद्धीवर आल्यापासून उजव्या कानात सतत सूंऽऽ असा आवाज आहे आणि त्या बाजूने सगळं दबल्यासारखं वाटतं. सांगितलं का नाही विचारलं तर म्हणे छातीचं एवढं मोठं केलंय त्यात कानाचं काय रडगाणं. आई म्हणते यांना पहिल्यापासून सोयीचंच ऐकू येतं, पण हे तसलं वाटत नाही, ऑपरेशनआधी फोन उजव्याच कानाला असायचा.

हॉस्पिटलात फोन केला तर ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले हार्टचा आणि कानाचा काय संबंध, वय झालंय, फॉलोअपला याल तेव्हा बघू. फॉलोअप अजून दहा दिवसांनी आहे. थांबू का? कुणाच्या घरी असं झालंय का?

कोकणी_बाब्या

आमच्या बाबांचं वाल्वचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हालाही हेच वाटलं होतं की कान गेले. तसं काही नव्हतं. आयसीयूत सगळ्यांच्या तोंडाला मास्क, ओठ दिसत नाहीत, बाबांची कवळी काढून ठेवलेली त्यामुळे तेच काय बोलतायत ते आम्हाला कळेना, त्यात मॉनिटरची पिपपिप रात्रंदिवस. घरी आल्यावर कळलं की कान आधीपासूनच थोडे अधू होते, फक्त इतकी वर्षं समोरच्याचे ओठ बघून निभावत होते. वयाने होतंच हे. टेन्शन घेऊ नका. फॉलोअपला दाखवा.

बंडू_बिनधास्त

लसूण ठेचून तिळाच्या तेलात कढवा, कोमट झालं की दोन दोन थेंब रात्री. आमच्याकडे सगळ्यांना याने फरक पडतो. ऑपरेशनात सर्दी धरली असेल.

कानोसा

मी कान-नाक-घसा बघतो, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस आहे. बंडूशेठ, कृपा करून तेल नको. पडद्याला भोक असेल तर आत जाऊन पिकतं, आणि समजा त्रास नसेचा असेल तर तेल तिथपर्यंत पोचतच नाही.

वाईकर, दहा दिवस थांबू नका. उद्याच जा. बाब्यांचं म्हणणं चूक नाही पण ते दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. वयाने जातं ते दोन्ही कानांचं, सावकाश, वर्षानुवर्षं. एका दिवसात एकाच कानाचं गेलं आणि सोबत आवाज सुरू झाला तर त्याला वय म्हणून सोडायचं नसतं. आमच्याकडे याची व्याख्याच आहे, 72 तासांच्या आत लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींना 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त घट. ही आमच्या शाखेतली इमर्जन्सी समजतात. लोक मात्र मळ असेल म्हणून आठवडे काढतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, संबंध असू शकतो. क्वचित होतं पण होतं. 1981 साली ओपन हार्टनंतर अचानक बहिरेपण आलेल्या पेशंटचा अभ्यास छापून आला होता, त्यात हजारात साधारण एकाला असं प्रमाण होतं, नंतरच्या मोजण्यांत त्याहून कमी आलं. म्हणजे त्या ड्युटी डॉक्टरांनी आयुष्यात एकही केस बघितली नसेल तर नवल नाही, पण "काय संबंध" हे उत्तर बरोबर नाही.

तोवर घरी एक करून बघा. अण्णांना डोळे मिटून ॐ म्हणायला लावा आणि शेवटचा मकार लांबवायचा, म्म्म्म. गुणगुण कुठल्या कानात जास्त ऐकू येते ते विचारा. खराब कानात जास्त येत असेल तर बहुतेक मळ, नाहीतर पडद्यामागे पाणी, म्हणजे सोपं काम. चांगल्या कानात जास्त आली तर नसेचं दुखणं. आम्ही ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून हेच बघतो. याने निदान होत नाही, फक्त घाई किती करायची ते कळतं. चक्कर, तोंड वाकडं, डबल दिसणं, चालताना तोल जाणं यातलं काहीही असेल तर मात्र माझ्याकडे पण येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला, कारण मग मेंदूच्या मागच्या भागातला छोटा स्ट्रोक आहे का ते आधी बघावं लागतं.

आणि डिस्चार्ज कार्डावर कुठली इंजेक्शनं लिहिलीत ते इथे टाका.

वाईचा_घाट

डॉक्टर खूप खूप आभार. ॐ म्हणायला लावलं, तीन वेळा, तिन्ही वेळा डाव्या कानात म्हणाले. चक्कर नाही, तोंड वगैरे ठीक. उद्या साताऱ्याला अपॉइंटमेंट घेतली.

कार्डावर आयसीयूतली औषधं अशी आहेत: सेफ्युरॉक्झिम, मग कफ झाला तेव्हा अॅमिकासिन (अँटिबायोटिक) पाच दिवस, लॅसिक्स (लघवी वाढवायचं) इंजेक्शन रोज दोनदा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एकदा 1.9 पर्यंत वाढलं होतं मग उतरलं. आता घरी एकोस्प्रिन 75 (म्हणजे अॅस्पिरिन), क्लोपिडोग्रेल, अटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, लॅसिक्स 40 ची अर्धी गोळी, आणि शुगरच्या.

स्वाती_नाशिक

एकोस्प्रिनने कानात आवाज येतो असं मी वाचलंय, ती दोन दिवस बंद करून बघा ना, आवाज थांबला तर कळेलच.

कानोसा

नाही नाही नाही. एकोस्प्रिन कुणीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, नवीन ग्राफ्ट आहेत, ते बुजले तर कान कुठला घेऊन बसलात. अॅस्पिरिनने कान वाजतात ते संधिवाताला वगैरे दिवसाला ग्रॅमच्या हिशोबाने घेतात तेव्हा, आणि डोस उतरला की थांबतं. 75 मिलिग्रॅमने नाही.

अॅमिकासिन आणि लॅसिक्स ही जोडी मात्र माझ्या डोळ्यात भरली. अॅमिकासिन, जेंटामायसिन या घराण्यातली औषधं आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मारतात, आणि त्या पेशी माणसात परत उगवत नाहीत. आधी वरचे सूर जातात, म्हणजे बोलणं ऐकू येतं पण स, श, फ कळत नाहीत, "सात" म्हटलं की "हात" ऐकू येतं. लॅसिक्सने होणारा त्रास बहुधा तात्पुरता असतो, आणि तोही शिरेतून मोठा डोस भसकन दिला तर, म्हणून मोठा डोस मिनिटाला 4 मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देऊ नये असा दंडक आहे. अर्ध्या गोळीने काही होत नाही. पण दोन्ही एकदम आणि त्यात किडनी मंदावलेली असली की औषध रक्तात साठतं आणि धोका कितीतरी वाढतो. काही घराण्यांत आईकडून येणारा एक जनुकीय दोष असतो, त्यांचे कान तर एखाद-दोन डोसांत जातात, त्यामुळे अण्णांच्या आईकडे कुणी इंजेक्शननंतर बहिरं झालं होतं का ते विचारून ठेवा.

तरीपण, औषधाने जातं ते सहसा दोन्ही कानांचं. एकाच बाजूचं, तेही शुद्धीवर आल्यापासून, म्हणजे अॅमिकासिन सुरू व्हायच्या आधीपासून, हे मला औषधापेक्षा ऑपरेशनातलं वाटतं. उद्या ऑडिओग्राम (ऐकण्याची मशीनवरची तपासणी) दोन्ही कानांचा करा, कळेल. आणि लॅसिक्ससुद्धा हार्टवाल्यांना विचारल्याशिवाय हलवू नका.

पंपवाला

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवतो तो. नातेवाईकांना आम्ही कधी दिसत नाही त्यामुळे आम्हाला कुणी काही विचारतही नाही, आज विषय निघाला म्हणून सांगतो.

पंपावर घेतलं की हृदय थांबवतात आणि शरीराचं सगळं रक्त आमच्या नळ्यांतून फिरतं, ऑक्सिजनेटरमधून जातं, परत मोठ्या धमनीत सोडलं जातं. वाटेत फिल्टर असतो, साधारण 40 मायक्रॉनचा. त्याच्यापेक्षा बारीक हवेचे बुडबुडे, चरबीचे कण यातून निसटू शकतात. त्याशिवाय एओर्टाला, म्हणजे त्याच मोठ्या धमनीला, क्लॅम्प (चिमटा) लावताना काढताना आतला चुना सुटतो, शुगरवाल्या आणि वयस्कर पेशंटची एओर्टा आतून खरखरीत असते, सर्जन हाताने चाचपून, आजकाल काही ठिकाणी वरून सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, मऊ जागा शोधतात ते याचसाठी. हे कण बहुतेक कुठेतरी जाऊन विरतात, कुणाला पत्ताही लागत नाही. आतल्या कानाचं दुर्दैव असं की त्याला रक्त देणारी धमनी एकच, तीही बारीक. बाकी अवयवांचा मेन रोड बंद झाला तरी गल्लीबोळातून रक्त पोचतं, इथे बोळ नाहीत. आणि केसपेशींना ऑक्सिजन थोडा वेळ जरी कमी पडला तरी सोसत नाही. म्हणून प्रेशर पडलं तरी तोच कान, कण अडकला तरी तोच.

वाईकर, तुमच्या फाइलमध्ये ऑपरेशन नोट असेल त्यात "ऑन पंप" की "ऑफ पंप" ते बघा. आपल्याकडे बऱ्याच बायपास बीटिंग हार्ट, म्हणजे पंपाशिवाय होतात. त्यात ही भानगड कमी, पण प्रेशर तिथेही खालीवर होतं, हृदय उचलून मागचा ग्राफ्ट शिवताना तर होतंच, आणि एओर्टाला साइड क्लॅम्प लागतोच बऱ्याचदा. यात कुणाची चूक शोधत बसू नका एवढंच म्हणेन, सगळं पुस्तकाप्रमाणे करूनही घडतं. संमतीपत्रात स्ट्रोकचं लिहिलेलं असतं, कानाचं मी तरी कुठे वाचलं नाही. लिहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

टिकटिक_काका

धागा वाचून माझी एक शंका, म्हणजे शंका नाही, अनुभव. माझा मेटलचा वाल्व आहे. ऑपरेशननंतर रात्री शांत झालं की टिक टिक टिक, तोंड उघडलं की जास्त. मी सुरुवातीला कान बिघडले म्हणून घाबरलो होतो, बायको भिंतीवरच्या घड्याळाला दोष देत होती, तिने सेल काढून ठेवला तरी चालूच. हा वाल्वचाच आवाज असतो. ओळखायची खूण म्हणजे मनगटावर नाडी धरायची, आवाज नाडीबरोबर पडत असेल तर वाल्व. अण्णांचं सूंऽऽ आहे सलग, आणि बायपास आहे, वाल्व नाही, त्यामुळे ते हे नव्हे. पण उद्या कुणी शोधत इथे आलं तर उपयोगी पडेल.

पंपवाला

काका टिकटिक अचानक बंद झाली किंवा बोथट वाटली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि अॅसिट्रॉम, रक्त पातळ ठेवायची गोळी, चुकवू नका. बाकी मजा करा.

पिल्लूची_आई

मोठ्यांचं चाललंय पण लहान मुलांबद्दल लिहितेच, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलाला टीओएफ म्हणजे हृदयाचा जन्मजात दोष होता, बाळ निळं पडायचं, वर्षाचा व्हायच्या आत ऑपरेशन झालं. तो बोलायला लागेना. सगळे म्हणायचे हॉस्पिटलात इतका राहिलाय, मागे पडणारच, मुलगे उशिराच बोलतात, सासूबाई म्हणाल्या याचे बाबा पण तीन वर्षांचे होईपर्यंत मुके होते. शेवटी अंगणवाडीत तपासणीला टीम आली होती, त्यातल्या मॅडमने मागून ताटली वाजवली, हा वळला नाही, त्यांनी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे झोपवून बेरा टेस्ट (कानाच्या नसेची तपासणी) केली. एका कानात पडद्यामागे चिकट पाणी आणि दोन्ही कानांत वरच्या सुरांना नसेची घट.

नंतर ऑडिओलॉजिस्टनी सांगितलं की अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात, तान्हेपणी हार्टचं ऑपरेशन झालेली मुलं चार वर्षांची झाल्यावर तपासली तर पाचातल्या एकाला कमी ऐकू येत होतं. पाचातलं एक! यात सगळं ऑपरेशनमुळे नसतं, काही मुलांत हृदय आणि कान दोन्ही जन्मतःच बिघडलेले असतात, डाउन सिंड्रोम आहे, आईला गरोदरपणी रुबेला झाला असेल तर आहे, शिवाय आयसीयूतली औषधं, आणि एक्मो मशीनवर (हृदय-फुफ्फुसाचं काम बाहेरून करणारं) ठेवलेली बाळं तर जास्तच जोखमीची. पण कारण काहीही असो, बोलणं शिकायचं वय निघून जातं. ज्यांच्या बाळाचं ऑपरेशन झालंय त्यांनी एकदा कान तपासल्यावर सुद्धा परत दर काही महिन्यांनी तपासावेत, नंतर उतरू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फुकट होतं, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून विभाग असतो तिथे विचारा. माझा आता मशीन लावून शाळेत जातो, आणि इतका बोलतो की विचारू नका.

कोकणी_बाब्या

ताई, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या पुतणीचं हृदयातलं भोक बंद केलं होतं, वहिनीला आत्ताच फोन लावतो.

वाईचा_घाट

अपडेट. साताऱ्याला गेलो. मळ नव्हता, पडदा ठीक. ऑडिओमेट्रीच्या काचेच्या खोलीत अण्णांना बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला भराभर दाबत होते, उजवा सुरू झाला तर नुसते माझ्याकडे काचेतून बघत बसले, मला वाटलं मशीन बंद पडलं की काय. डावा 25 ते 30 डेसिबल (आकडा जेवढा मोठा तेवढं कमी ऐकू येतं), शेवटी थोडा उतार, तो वयाचा म्हणाले. उजवा सरासरी 65. नसेचं.

ऑपरेशन नोट पण काढली, ऑन पंप आहे. अण्णांच्या आईकडे बहिरं कुणी नाही, आत्याला विचारलं. एमआरआय केला, स्ट्रोक नाही, नसेवर गाठ नाही. डॉक्टर म्हणाले पोटातून स्टिरॉइड देता येतं पण शुगर वर जाईल आणि छातीची जखम अजून ओली आहे म्हणून त्यांनी सर्जनशी फोनवर बोलून कानातूनच इंजेक्शन द्यायचं ठरवलंय. कानात सुई म्हटल्यावर अण्णांनी दोन्ही हात जोडले. कानोसा डॉक्टर, हे बरोबर चाललंय ना? उशीर झाला का आपल्याला?

कानोसा

बरोबर चाललंय, मीही हेच केलं असतं. 2019 च्या अमेरिकन गाइडलाइनप्रमाणे स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेलं चांगलं, पण पडद्यातून द्यायचं इंजेक्शन सहा आठवड्यांपर्यंत देऊन बघता येतं. तुम्ही त्याच्या आत आहात. शुगरच्या पेशंटला ते सोयीचं, कारण औषध रक्तात फारसं जात नाही. पडदा आधी बधिर करतात, अण्णांना सांगा छातीचे टाके काढताना जे झालं त्यापेक्षा कमी. नंतर अर्धा तास त्या कुशीवर पडायचं नाही, विरुद्ध कुशीवर, गिळायचं नाही बोलायचं नाही, औषध घशात उतरतं. छाती दुखत असेल तर पाठीवर पडून नुसती मान वळवली तरी चालेल.

पंपानंतरच्या बहिरेपणात स्टिरॉइड लागू पडेलच असं छातीठोक कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. काहींचं बरंच परत येतं, काहींचं जेमतेम, काहींचं नाही. रक्ताभिसरण वाढवायच्या, नसेला ताकद यायच्या म्हणून लांबलचक चिठ्ठी कुणी दिली तर पैसे वाचवा, त्याच गाइडलाइनमध्ये रक्तवाहिन्या रुंद करणारी औषधं सर्रास देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. आणि इथून पुढे कुठल्याही हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा, उजव्या कानाने ऐकू येत नाही, अॅमिकासिन-जेंटामायसिन शक्यतो टाळावं. उरलेला एक कान आता सांभाळायचा आहे.

वाईचा_घाट

दोन इंजेक्शनं झाली, आठवड्याला एक. कालच्या टेस्टमध्ये उजवा 65 वरून 50 वर आला. सूंऽऽ आहेच पण बारीक झालाय म्हणतात. फोनवर शब्द अजून कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. आता मशीनचं बघू का? दुकानवाला म्हणतोय आत्ताच घ्या, स्कीम चालू आहे.

कानोसा

50 म्हणजे चांगली बातमी. स्कीम राहू द्या. इंजेक्शनं संपू देत, ऐकणं अजून बदलतंय, आत्ता घेतलेलं मशीन दोन महिन्यांनी परत सेट करावं लागेल. कोर्स संपल्यावर एक ऑडिओग्राम आणि सहा महिन्यांच्या आत परत एक, तेव्हा ठरवा, आणि घ्यायच्या आधी घरी नेऊन ट्रायल मागा. परवडण्याचा प्रश्न असेल तर केंद्राची एडिप योजना आहे, उत्पन्नाचा दाखला लागतो, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत तपासणी आणि मशीन दोन्हींचं विचारता येईल.

तोवर जेवायला बसताना अण्णांना पंगतीच्या उजव्या टोकाला बसवा म्हणजे सगळे डाव्या बाजूला येतील. रस्त्यावर एकटं सोडू नका, एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही, हॉर्न उजवीकडून वाजला तरी माणूस डावीकडे बघतो. स्कूटर तर छातीचं हाड जुळेपर्यंत सर्जननीच बंद केली असेल, त्यानंतरही आधी मागे बसवून न्या.

वाईचा_घाट

स्कूटरची किल्ली आईकडे आहे, त्यामुळे ती काळजी नाही. शनिवारी तिसरं इंजेक्शन, रिपोर्ट आला की टाकतो.